टीडीएस 300 च्या आत, म्हणून बिनधास्त प्या म्हणे!

आमच्या रामबागच्या ग्रुपवर कालपासून एक फॉरवर्ड फिरतोय आणि खाली अंगठ्यांची रांग लागलीये. मजकूर थोडक्यात असा, की कोळसा खाणीजवळच्या लोकांनी पाण्याच्या लॅब टेस्टच्या भानगडीत पडू नये, कोळसा पाणी आपोआप गाळतो, फिल्टरमध्ये तरी दुसरं काय असतं, टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) दाखवणारा मीटर घ्या, आकडा 300 च्या आत आला की बिनधास्त प्या, डाउट असेल तर उकळा, बाकी रिपोर्ट-बिपोर्ट सगळी सेटिंग. आता इंदुरात आपल्या नळाला नर्मदा येते, पण ग्रुपवरच्या बऱ्याच जणांची माणसं परासिया, पाथाखेडा, सिंगरौली या कोळसा खाणींच्या भागात नोकरीला आहेत, तिकडे घरोघरी बोअर, म्हणून लिहितोय. पाठवणाऱ्या काकांनी राग मानू नये.

पहिलं म्हणजे फिल्टरवाला कोळसा. तो खाणीतून काढून तसाच नाही भरत हो. नारळाच्या करवंट्या नाहीतर कोळसाच आधी भाजून मग 800-1000 अंशांवर वाफ देऊन त्याला बारीक छिद्रं पाडतात, तेव्हा कुठे तो क्लोरीन, वास, काही केमिकल्स धरतो, आणि फ्लोराइड-नायट्रेटपुढे तर तोही हात टेकतो. जमिनीतला कोळसा कधीकधी उलट पाण्यात भर घालतो. त्याच्यात आणि आजूबाजूच्या दगडात पायराइट (लोह आणि गंधकाचं खनिज) असतं, खाण उघडली की त्याला हवा-पाणी लागतं आणि सल्फ्युरिक ॲसिड नि लोह सुटतं. मेघालयात जैंतिया हिल्सच्या नद्या यानेच नासल्या. आपल्याकडच्या कोळशात (गोंडवाना म्हणतात तो) गंधक त्यामानाने कमी, त्यामुळे आता लगेच 'तिकडचं सगळं पाणी ॲसिड झालं' असा फॉरवर्ड नका सोडू!

आता मीटर. खरा घोळ इथेच आहे. हा मीटर पाण्यात काय आहे ते बघतच नाही, पाण्यातून वीज किती वाहते ते बघतो आणि ठरलेल्या फॅक्टरने गुणून आकडा दाखवतो. पिण्याच्या पाण्याचं आपलं स्टँडर्ड आहे आयएस 10500, त्यात फ्लोराइड 1 पर्यंत चांगलं, दुसरं पाणीच नसेल तर लिटरला 1.5 मिलिग्रॅमपर्यंत चालवून घ्या असं आहे. समजा बोअरमध्ये 4 निघालं, म्हणजे पोरांच्या दातांवर डाग आणि वर्षानुवर्षं प्यायलं तर हाडांवर, तर त्या जास्तीच्या तीनाने मीटरवर 280 चा आकडा फार तर थोडासा सरकेल, कोणाच्या लक्षात येणारे? आर्सेनिकची मर्यादा 0.01, ती तर या मीटरच्या खिजगणतीतच नाही, आणि जंतूंचं तर विचारूच नका. पोह्यांच्या पुडीचं वजन करून आत खडा आहे का ते सांगण्यासारखं आहे हे. उलट 700 वालं पाणी नुसतं जड असू शकतं, डाळ शिजत नाही, बाकी काही नाही.

परासियाच्या मामेबहिणीने व्हिडिओ कॉलवर दाखवलं, बोअरचं पाणी ग्लासात एकदम काचेसारखं, आणि तेच सकाळी बादलीत भरलेलं संध्याकाळी वर तांबूस साय आणि कडेने गंजाचा वळ. विरघळलेलं लोह दिसत नाही, हवा लागली की दिसतं. लोहाचं निदान दिसतं तरी, फ्लोराइड बादलीत आठवडाभर ठेवलं तरी दिसणार नाही.

उकळणं: जंतू मरतात, मान्य. फ्लोराइड, आर्सेनिक तिथेच राहतं आणि पाणी आटलं की आणखी दाट होतं. विषय संपला.

राहिली सेटिंग. शंका अगदीच हवेतली नाही, खाणीभोवतीचं सॅम्पलिंग खाण कंपनीच करवून घेते हे खरंय. पण मग रिपोर्ट वाचायचे की सोडून द्यायचे? पर्यावरण मंजुरीच्या अटींमध्ये सहसा आजूबाजूच्या विहिरी आणि पिझोमीटरमधली (भूजल मोजायला घेतलेल्या बारीक बोअरमधली) पातळी मे, ऑगस्ट, नोव्हेंबर, जानेवारीत मोजा आणि पाणीही तपासा असं लिहिलेलं असतं, आणि अटी पाळल्या का त्याचा सहामाही रिपोर्ट कंपनीला द्यावा लागतो, तो कोणालाही बघता येतो. तो उघडा आणि बघा आपल्या गावची विहीर त्यात आहे का, खाणीच्या चढाकडची आणि उताराकडची अशा दोन्ही घेतल्यात का, मागच्या वर्षीचे आकडे जसेच्या तसे चिकटवलेत का. चढाकडच्या विहिरीतही फ्लोराइड तितकंच असेल तर दोष खडकाचा असू शकतो, आपल्या शेजारच्या झाबुआत कोळशाची एक खाण नाही तरी फ्लोराइड आहेच की. एका बोअरचा एकदाचा आकडा घेऊन कोणालाच पकडता येत नाही आणि सोडताही येत नाही.

आणि स्वतःचं पाणी तपासायचंच असेल तर पीएचईच्या (सरकारी पाणीपुरवठा खात्याच्या) जिल्हा लॅबमध्ये द्या, जलजीवन मिशनमध्ये या लॅब सगळ्यांसाठी उघड्या केल्यात, फी किरकोळ असते. बोअर आधी थोडा वेळ चालू द्या, पाइपात साचलेलं पाणी जाऊ दे, मग भरा. बाटली लॅबमधूनच आणा, कोल्ड्रिंकची रिकामी नको. जंतूंच्या टेस्टची बाटली वेगळी आणि बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवायची. फॉर्मवर फ्लोराइड, आर्सेनिक, लोह असं नाव घेऊन लिहा, नाहीतर पीएच आणि टीडीएस करून कागद हातात देतील, आणि मग आपण परत त्या मीटरपाशीच.