निपाणीच्या वाचकांना उत्तर : पेलेट म्हणजे ‘शिशाचा तुकडा’ नव्हे

एअर रायफलसाठी पेलेट, म्हणजे छर्रा, कसं निवडावं, या माझ्या लेखाखाली निपाणीच्या एका वाचकांनी लिहिलंय: ‘छर्रा म्हणजे शिशाचा तुकडा. दहा मीटरवर कुठलाही मारा, नेम असला की लागतोय. स्वप्नील कुसाळेनं काय छर्रे मोजून पदक आणलं? घरात बसून लिहिणाऱ्यांनी गरिबाच्या पोरांना महागड्या जर्मन डब्या घ्यायला लावू नयेत. जड छर्रा घ्या, जोरात लागतोय. आणि रानडुकरासाठी टोकदार कुठला चांगला, ते सांगा.’

साहेब, ‘घरात बसून’ हे तुम्ही कशावरून लिहिलंत? माझे वडील मराठा लाइट इन्फंट्रीत शस्त्रागारात होते. रायफलची नळी कशी पुसायची हे मी शाळेत जायच्या वयात त्यांच्याकडून शिकलो. गेली कित्येक वर्षं वडगावात एका बंद पडलेल्या पॉवरलूमच्या शेडमध्ये पोरांना शिकवतोय, कारण सलग दहा मीटर मोकळी जागा तिथेच मिळाली. पोरं विणकरांची आहेत. गरिबी काय असते हे मला निपाणीहून कुणी कळवायला नको. मतभेद असू द्या, पण ज्याला कधी पाहिलं नाही त्याला घरकोंबडा ठरवायची ही कुठली पद्धत?

एक मान्य करतो. लेखात पेलेटच्या डबीची किंमत लिहायला हवी होती. आणि ज्याचा हात अजून बसला नाही, श्वास आवरत नाही, त्यानं सरावाला साधी देशी डबी वापरावी. पण हे मी त्याच लेखात तिसऱ्या परिच्छेदात लिहिलंय. तिथवर वाचलं असतंत तर बरं झालं असतं.

आता ‘कुठलाही मारा, लागतोय’ याबद्दल. कुठे लागतोय? दहा मीटरच्या लक्ष्यावर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. स्पर्धेत गुण दशांशात मोजतात, आणि एका दशांशाचा फरक म्हणजे पाव मिलिमीटर. स्पर्धेच्या सगळ्या एअर रायफली 4.5 मि.मी.च्या म्हणतात, पण पेलेटचं डोकं 4.49, 4.50, 4.51 अशा मापांत मिळतं, ते काय उगाच? डोकं नळीतल्या आट्यांवर, म्हणजे आतल्या पिळदार खाचांवर, टेकून जातं. मागचा पोकळ घेर हवेच्या दाबानं फुलून नळी बंद करतो. डोकं बारीक असलं की पेलेट आत डगमगतं. मोठं असलं की भरतानाच दबतं. आणि कुठल्या नळीला कुठलं माप मानवेल, हे डबीवर लिहिलेलं नसतं. रायफल व्हाइसमध्ये, म्हणजे शिकंजात, घट्ट धरा, प्रत्येक डबीतली पाच-पाच मारा, कागद शेजारी ठेवा. एका डबीची पाचही एका भोकात जातात, दुसरीची नाण्याएवढी पसरतात. रायफल तीच, आणि हाताचा संबंधच नाही. मग यात ‘नेम’ कुठून आला?

स्वप्नील कुसाळेचं नाव तुम्हीच काढलंत म्हणून सांगतो. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या त्या मुलानं 2024 ला पॅरिसमध्ये कांस्य मिळवलं ते 50 मीटर थ्री पोझिशन्समध्ये. तिथे पेलेट नसतंच, 0.22 चं काडतूस असतं. त्या पातळीवरचे नेमबाज आपल्या नळीला काडतुसांचा कुठला लॉट, म्हणजे एकाच खेपेत बनलेला माल, मानवतो हे रायफल शिकंजात धरून तपासतात, आणि काडतुसं करणाऱ्या कंपन्यांनी त्यासाठी खास रेंज ठेवल्या आहेत. म्हणजे तुमचं उदाहरण माझ्याच बाजूचं निघालं.

‘जड घ्या’ हा सल्ला तर मुलांच्या कानावर पडू नये असाच आहे. स्प्रिंगच्या रायफलला जड पेलेट घातलं की ते नळीत जास्त वेळ रेंगाळतं, हवा दाबणारा पिस्टन उसळी खातो आणि तेवढ्यात रायफल हलते. अमेरिकेत पिकं नासवणाऱ्या लहान प्राण्यांसाठी 0.222 रेमिंग्टनसारख्या रायफलीची काडतुसं लोक स्वतः भरतात. तिथेही हाच नियम. नळीतल्या आट्यांचा 14 इंचांत एक वेढा असेल तर साधारण 55 ग्रेन वजनापर्यंतची गोळी सरळ जाते. त्याहून जड म्हणजे लांब गोळी घातली की ती पुरेशी फिरत नाही, आडवी होऊन कागदावर लागते. निवड नळी करते, साहेब, आपली हौस नाही.

रानडुकराचं एका वाक्यात: 0.177 इंची, म्हणजे याच 4.5 मि.मी.च्या, पेलेटनं ते मरत नाही, नुसतं जखमी होऊन तडफडतं, आणि 1972 च्या वन्यजीव कायद्यानं तो गुन्हा आहे. जांबोटी-खानापूरकडे पिकांचं काय होतं ते मी पाहिलंय. त्यासाठी वनखात्याकडे भरपाईचा अर्ज करा.

बाकी मुद्द्यांना उत्तर देत बसत नाही. वडगावला या, तुमची रायफल आणा, तुमच्या पसंतीची डबी आणा. व्हाइस माझा. आधी तुमचीच पाच मारू, आणि दोन्ही कागदांचे फोटो याच लेखाखाली टाकू.