आधी पाय वर, बाकीचं नंतर

सर्वात आधी जागा. व्यायाम कुठला, किती, कशासाठी, हे सावकाश बघता येईल. जागा चुकली तर सगळंच मुसळ केरात. हातांवर उलटं उभं राहायला नाशिकमध्ये गोदाघाटासारखी जागा नाही. सकाळी सातच्या आत पोचा. ऊन तिरपं असतं, मागे देवळांचे कळस येतात, पाण्यातलं प्रतिबिंब फुकट मिळतं. फक्त रामकुंडापासून जरा लांब राहा. तिथे कुणाचा तरी दहावा चालू असतो, पिंड मांडलेले असतात आणि नातेवाईक माना वर करून कावळ्याची वाट बघत असतात. शेजारच्याच पायरीवर तुमचे दोन पाय हवेत हलत असले की कावळा काही शिवत नाही. घरच्यांना वाटतं, आजोबांची इच्छा राहिली. मग कुणीतरी हात जोडून 'धाकट्याचं लग्न आम्ही करून देऊ' असं कबूल करून बसतं. तुमच्या खांद्यांच्या व्यायामापायी एखाद्या मुलाचं लग्न ठरणं बरं नाही.

घाट नको असेल तर गोल्फ क्लबचं मैदान आहे. त्याचं आताचं नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान, पण रिक्षावाल्याला गोल्फ क्लबच सांगा. प्रेक्षक भरपूर मिळतात, मात्र ते फार अनुभवी असतात. ट्रॅकवर फेऱ्या मारणारे निवृत्त काका तुम्ही उभे असताना बघत नाहीत. पडलात की थांबतात, कमरेवर हात ठेवतात आणि 'आमच्या वेळी' इथून सुरुवात करतात. पांडवलेणी टाळाच. त्रिरश्मी डोंगराच्या पायऱ्या चढता चढताच भाता फुलतो, आणि धापा टाकणारा माणूस फोटोत बलवान दिसत नाही.

कपड्यांचं काय ते तुम्हाला कळतं. पांढरी पावडर तेवढी विसरू नका. सिंगल बारवर लटकणारे लोक घामाने हात सटकू नये म्हणून ती लावतात. आपण ती टाळी वाजवून उडवायची असते, मागून ऊन येत असताना.

आता व्यायाम. यात एक कंटाळवाणा पंथ आहे, त्याची माणसं ओळखायची कशी ते सांगतो, म्हणजे चुकून त्यांच्या नादी लागणार नाही. हे लोक आधी कित्येक आठवडे भिंतीला हात टेकून जोर काढतात. मग स्वयंपाकघराच्या ओट्यावर, मग दिवाणाच्या कडेवर, मग जमिनीवर. का म्हणून विचारलं तर हिशोब मांडतात. जमिनीवरच्या पुशअपमध्ये अंगाचं साधारण दोन तृतीयांश वजन हातांवर येतं; गुडघे टेकले तर निम्म्याहून थोडं जास्त; हात जितके उंचावर, तितका भार कमी. उलटं झालं की मात्र सगळं वजन दोन मनगटांवर. ७० किलोच्या माणसाचे ७० किलो. ज्याला जमिनीवर धड दहा जोर निघत नाहीत त्याने सगळं अंग हातांवर का घ्यावं, असा प्रश्न हे लोक विचारतात. तुम्ही विचारू नका. अशा प्रश्नांनी उत्साह मावळतो.

त्यांची दुसरी खोड मनगटांची. सुरुवातीची पाच-दहा मिनिटं ओणवं होऊन तळवे जमिनीवर टेकायचे आणि पुढे-मागे झुलायचं, मग हात फिरवून बोटं गुडघ्यांकडे करायची आणि पुन्हा झुलायचं. दिवसभर माऊसवर विसावलेलं मनगट एकदम काटकोनात वाकवून त्यावर अख्खं अंग ठेवलं तर ते कुरकुरणारच, म्हणे. शिवाय स्नायू लवकर जोर धरतात, पण त्यांना हाडाशी बांधणाऱ्या कंडरा सावकाश तयार होतात. अंगात ताकद आली असं वाटू लागतं, नेमकं तेव्हाच दुखणं सुरू होतं, ते त्यामुळे. एवढा विचार करून जगायचं ठरवलं तर माणूस सकाळी अंथरुणातून उठणार नाही.

आपली पद्धत सोपी. भिंत बघा, हात टेका, लाथ झाडा. भिंत भाड्याच्या घराची नको, डिपॉझिटमधून कापून घेतात. पहिल्या लाथेला पाय भिंतीपर्यंत पोचत नाहीत. दुसऱ्या लाथेला पोचतात, इतक्या दणक्यात की पलीकडच्या खोलीतलं कॅलेंडर खाली येतं. दिवाळीला रंग दिलेल्या भिंतीवर, पंख्याच्या स्विचच्याही वर, दोन टाचांचे ठसे उठतात. आई येते, ठसे बघते, मग तुमच्याकडे बघते.

"इतक्या वर कोण चालत होतं?"

"अगं आई, ताकदीसाठी आहे. फंक्शनल. म्हणजे रोजच्या कामाला येणारी."

"बरं. मग तो भरलेला सिलिंडर आत आणून लाव."

या सिलिंडरबद्दल पुढे बोलू.

भिंतीकडे पाठ करून लाथ झाडली की कंबर आत जाते, फासळ्या बाहेर येतात आणि पाठीचं केळं होतं. कंटाळवाणे लोक उलट करतात. ते तोंड भिंतीकडे ठेवतात, पाय भिंतीवर चढवत जातात आणि हातांनी एकेक पाऊल भिंतीजवळ सरकतात, जोवर मनगट, खांदा, कंबर आणि घोटा एका ओळीत येत नाहीत तोवर. मग खांदे कानांकडे लोटून जमीन दूर ढकलायची आणि अर्धा मिनिट तसंच थांबायचं. झालं. बघण्यासारखं त्यात काही नाही. नाक भिंतीला टेकलेलं, चेहरा टोमॅटोच्या रंगाचा, आणि कॅमेऱ्याला दिसते ती फक्त घामेजलेली पाठ. तुम्ही केळंच करा. फोटोत ते लवचीकपणा म्हणून खपतं. आणि तोल गेलाच तर म्हणायचं, उभं राहता येत होतं, भिंतच वाकडी.

अशाच एका कंटाळवाण्या मुलीचे हात मी जवळून पाहिले आहेत. असेल सातवी-आठवीत. भिंत नाही, काही नाही, मोकळ्या फरशीवर उलटी. बोटं फाकलेली, मधली पेरं किंचित उचललेली, टोकांनी फरशी धरलेली. पाय डोक्यावरून पलीकडे कलू लागले की बोटांची टोकं फरशीत रुतायची आणि नखांखालचं मांस पांढरं पडायचं. पाय अलीकडे परतू लागले की भार तळव्याच्या मनगटाकडच्या भागावर यायचा, नखं पुन्हा गुलाबी. वर पाय सरळसोट, स्वस्थ. सगळी पळापळ खाली, त्या दहा बोटांत. उभं असताना आपला तोल पायाची बोटं आणि घोटे सांभाळतात, उलटं झाल्यावर ते काम हाताच्या बोटांवर आणि मनगटांवर येतं, एवढंच त्यातलं गुपित. तिला पडायलाही शिकवलं होतं, आणि तेही सगळ्यात आधी. तोल गेला की एक हात पुढे टाकायचा, अंग वळवायचं, पाय बाजूने उतरवायचे. म्हणजे उभं राहण्याच्या आधी पडायचा सराव! एवढा निराशावाद आपल्याला परवडणार नाही. आपण सरळ पाठीवर आपटू, शेजारी बघून घेतील.

काचबिंदू किंवा वाढलेला रक्तदाब असेल तर डॉक्टर उलटं होऊ देत नाहीत, कारण डोकं खाली गेलं की डोळ्यातला दाब चांगलाच वाढतो. हा एवढा परिच्छेद मी चेष्टेने लिहिलेला नाही. आधी विचारून या.

आलात? आता कॅप्शन. त्यात परंपरा हवीच, आणि नाशिककराला त्यासाठी कुठे लांब जावं लागत नाही. निफाड तालुक्यातल्या कोठुऱ्याचे बाळंभटदादा देवधर आपलेच. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारात निजामाकडचे अली आणि गुलाब हे दोन पहिलवान आव्हान देऊन गेले, ते या पोराने उचललं. मग वणीला सप्तशृंगीपुढे अनुष्ठान केलं, तिथे झाडावरच्या वानरांच्या रूपाने त्याला डाव दिसले आणि त्यातून मल्लखांब पुन्हा उभा राहिला, अशी कथा सांगतात. कथेत अनुष्ठानानंतर मेहनत आहे, ती गाळा. समर्थ रामदासही हाताशी आहेत. टाकळीला नंदिनीच्या काठी त्यांनी बारा वर्षं तप केलं, आणि सूर्यनमस्कार रोज बाराशे, असं परंपरा सांगते. तुमच्या कॅप्शनमध्ये बाराशे हा आकडा येऊ द्या, फक्त तो कुणाचा ते वाक्य जरा मोघम ठेवा. कुणी खवचटपणे विचारलंच की, मल्लखांबाचं एवढं प्रेम आहे तर यशवंत व्यायामशाळेत का जात नाही, तर 'वेळ जुळत नाही' म्हणा. खरं कारण असं, की मल्लखांबाला एरंडेल चोळलेलं असतं. टी-शर्टचं मातेरं होतं.

ओढण्याचे व्यायाम पूर्ण वगळा. हातांवर उभं राहणं, जोर, डिप्स, सगळा ढकलण्याचा कारभार; त्याच्या बरोबरीने सिंगल बारवर लटकलं नाही, पुलअप्स काढले नाहीत, तर खांदे पुढे ओघळतात असं कंटाळवाण्या पंथाचं मत आहे. पण पहिला पुलअप निघायलाच नवशिक्याला महिने लागतात. तोवर हे लोक स्टुलावरून वर पोचतात आणि नुसते सावकाश खाली येतात, दिवसामागून दिवस. तेवढ्या वेळात कितीतरी रील बघून होतात. आणि पाठ कमावून दाखवणार कुणाला? ती आपल्या मागे असते.

आता सिलिंडर. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि टाकी धरून सगळं मिळून ३० किलोच्या आसपास भरतं. लिफ्ट बंद असली की तो खांद्यावर घेऊन तिसऱ्या मजल्यावर येणारा माणूस तुम्ही पाहिला असेल. हडकुळा, पायात स्लिपर, शर्टाचं वरचं बटण तुटलेलं. एक हात वर टाकीच्या कडीला, दुसरा जिन्याच्या कठड्यालाही नाही, कारण त्यात पावत्या असतात. त्याला फंक्शनल म्हणजे काय हे माहीत नाही, हे आपल्या पथ्यावर पडणारं आहे. तो आला की तुम्ही दार उघडायचं, बाजूला व्हायचं आणि 'दादा, जरा आत ठेवा ना' म्हणायचं. तुमचे खांदे त्या दिवशी रेस्टवर असतात.

थोडं आणखी लांब जायची तयारी असेल तर दिंडोरीकडे ऑक्टोबर छाटणीनंतर एखाद्या द्राक्षाच्या बागेत डोकावून या. मांडव डोक्याच्या उंचीवर असतो, त्यामुळे काम सगळं हात वर करून. पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या बाया डहाळीडहाळीवर थिनिंग करतात, घड विरळ करतात, पुढे औषधाच्या मगात एकेक घड बुडवून डिपिंग करतात, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, हात खांद्यांच्या वर. तुमचा हात पंख्याची पाती पुसताना दोन मिनिटांत भरून येतो, हे तिथे बोलू नका. त्यातली एखादी मावशी तुम्हाला म्हणेल, "दादा, सावलीत बसा, ऊन लागंल." बसा. माणसाने मोठ्यांचं ऐकावं.

तरी जिद्दीने लाथा झाडत राहिलात तर एक दिवस मनगट सुजेल. काळजीचं कारण नाही, दुखापत हीसुद्धा सामग्री आहे. निळा पट्टा बांधा, तो फिकट टी-शर्टवर उठून दिसतो. फिजिओथेरपिस्टकडे गेलात तर ती तुमचं मनगट चार दिशांना वाकवून बघेल, किती दिवस सराव करताय ते विचारेल, आणि मग भिंतीसमोर उभं करून म्हणेल, "तळवे टेका. आता सावकाश दहा जोर." फी द्या. घरी आल्यावर व्यायाम काय सांगितला ते कुणाला कळू देऊ नका. नुसतं 'रिहॅब चालू आहे' म्हणा. हा शब्द मोठमोठे क्रिकेटपटू वापरतात.

तोवर नाशकात थंडी पडलेली असेल, आणि थंडी म्हणजे सायकल. इथे सायकलवाल्यांचे ग्रुप पुष्कळ आहेत. रविवारी पहाटे निघतात आणि गंगापूर रोडने जात जात एखाद्या मळ्यातल्या मिसळीपाशी पोचतात. हेल्मेट आधी घ्या, सायकल मागाहून बघू. मित्राच्या गाडीतून तिथे पोचलात तरी हेल्मेट काढून टेबलावर ठेवलं की भागतं. मिसळीबरोबर पापड, दही आणि जिलबी येते. तिसऱ्या वेळी पाव मागवताना संकोच करू नका. रिहॅबमध्ये प्रथिनं लागतात, आणि मटकी आहे की त्यात.