क्लॅमिडियाचा आकडा फुगवलेला नाही
क्लॅमिडिया हा लैंगिक संबंधातून पसरणारा जिवाणूंचा संसर्ग आहे. ‘क्लॅमिडियाचे नोंदलेले रुग्ण थोडे, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेचा १२.९ कोटींचा आकडा फुगवलेला’ असा मेसेज फिरतो आहे. तो चुकीचा आहे. नोंद फक्त तपासणीला आलेल्यांची होते, आणि या संसर्गात बहुतेकांना लक्षणंच जाणवत नाहीत. म्हणून सर्वेक्षणात लक्षणं नसलेल्यांचीही तपासणी करतात. त्यातून मिळालेल्या बाधितांच्या प्रमाणाला संसर्ग सरासरी जितका काळ टिकतो त्याने भागलं की नव्या संसर्गांचा अंदाज निघतो. १२.९ कोटी हा २०२० साली जगभरात झालेल्या नव्या संसर्गांचा, १५ ते ४९ वयोगटाचा असाच अंदाज आहे. तो थोडा इकडेतिकडे होईल, पण मनाने ठोकलेला नाही. हा आजार अँटिबायोटिकने बरा होतो, दुर्लक्षाने मात्र वंध्यत्व येऊ शकतं. तपासणी टाळायला लावणारा हा मेसेज कृपया पुढे पाठवू नका.