लंडनहून निघालं ते वेगळं, औशात पोचलं ते वेगळं

गेल्या काही महिन्यांत एकच मेसेज मला सात-आठ जणांनी पाठवला. वर जुन्या मर्फी रेडिओचा फोटो आणि खाली मजकूर: "शॉर्टवेव्ह रेडिओ मेला. जगातली सगळी केंद्रं बंद झाली. जे महत्त्वाचं होतं ते त्या त्या केंद्रांनी जपून ठेवलंय, उरलेलं यूट्यूबवर आहे. तरी काही लोक रात्र रात्र जागून खरखर रेकॉर्ड करतात. परदेशी केंद्र टेप करणं बेकायदा आहे, त्याला लाखाची यंत्रं लागतात, आणि आपल्या मराठवाड्यात तसंही काही लागत नाही. हा कचरा जमवण्यापेक्षा मोबाइलवर ॲप घ्या."

पाठवणाऱ्यांत दोघे असे, की ज्यांच्या ओसरीवर बसून मी लहानपणी रेडिओ ऐकला. त्यांना एका ओळीत उत्तर देऊन भागणार नाही, म्हणून एकेक मुद्दा घेतो. शॉर्टवेव्ह म्हणजे हजारो किलोमीटर दूर पोचणाऱ्या रेडिओलहरी; परदेशी केंद्रं आपल्याकडे लागतात ती त्यांच्यावर.

"सगळी केंद्रं बंद झाली." बरीच बंद झाली, हे खरं आहे आणि मला ते लागलेलंही आहे. रेडिओ नेदरलँड्स आणि रेडिओ कॅनडा इंटरनॅशनल २०१२ मध्ये शॉर्टवेव्हवरून उतरले, रेडिओ ऑस्ट्रेलिया ३१ जानेवारी २०१७ ला. बीबीसी हिंदीचा शॉर्टवेव्हवरचा शेवटचा दिवस ३१ जानेवारी २०२०. १९४० मध्ये सुरू झालेली सेवा त्या संध्याकाळी आमच्या रेडिओवरून गेली. व्हॉइस ऑफ अमेरिका १९४२ पासून अखंड बोलत होतं. १४ मार्च २०२५ ला सरकारी आदेश निघाला आणि दुसऱ्या दिवशी तेही थांबलं.

पण 'सगळी' हा शब्द चुकीचा आहे. बीबीसी वर्ल्ड सर्व्हिसचं इंग्रजी, चायना रेडिओ इंटरनॅशनल, रेडिओ रोमानिया इंटरनॅशनल, कोरियाचं केबीएस, व्हॉइस ऑफ टर्की ही मी आजही लावतो. युद्ध पेटल्यावर मार्च २०२२ मध्ये बीबीसीने युक्रेनसाठी रोज चार तास शॉर्टवेव्ह प्रसारण नव्याने सुरू केलं. रेडिओ न्यूझीलंडने २०२४ मध्ये पॅसिफिकच्या बेटांसाठी नवा शॉर्टवेव्ह ट्रान्समीटर बसवला. मेलेल्या माध्यमासाठी कोणी नवा ट्रान्समीटर विकत घेत नाही. आणि समजा उद्या खरंच सगळं बंद होणार असेल, तर आज रेकॉर्ड करण्याची निकड वाढते की कमी होते?

"महत्त्वाचं ते केंद्रांनी जपून ठेवलंय." या मुद्द्यापाशी मला जास्त थांबायचंय, कारण बाकीच्या सगळ्या मुद्द्यांचं मूळ इथे आहे.

प्रसारण संस्था सगळं जपत नाहीत आणि कधीच जपत नव्हत्या. टेप महाग होती, जागा कमी होती. कार्यक्रम वाजला की त्याच टेपवर पुढचा चढायचा. निवडक तेवढं कपाटात जायचं, आणि ती निवड त्या दिवशी त्या खोलीत बसलेल्या माणसाची असायची. खुद्द बीबीसीने 'डॉक्टर हू' या आपल्या गाजलेल्या मालिकेच्या १९६० च्या दशकातल्या कितीतरी भागांच्या टेपा पुसून टाकल्या. त्या हरवलेल्या भागांचा आवाज आज पूर्ण उपलब्ध आहे तो एवढ्यासाठी, की काही प्रेक्षकांनी घरी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर लावून ठेवला होता. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या मॅरियन स्टोक्स यांनी २०१२ मध्ये जाईपर्यंत तीसहून अधिक वर्षं घरात बसून टीव्हीच्या बातम्या टेप केल्या. त्यांच्या सुमारे ७० हजार कॅसेट पुढे इंटरनेट अर्काइव्ह या ऑनलाइन संग्रहाने ताब्यात घेतल्या. 'डॉक्टर हू'सारख्या लोकप्रिय मालिकेची ही गत, तर हिंदीतल्या पंधरा मिनिटांच्या पत्रोत्तराच्या कार्यक्रमाची काय असेल?

ते मला माहीत आहे, कारण मी विचारलं होतं. माझ्या वडिलांचं, आण्णांचं, पत्र एका युरोपीय केंद्राच्या हिंदी कार्यक्रमात वाचलं गेलं होतं. पत्रात आमच्या लातूर जिल्ह्यातल्या औशाच्या आठवडी बाजाराचं आणि त्या वर्षीच्या ज्वारीचं वर्णन होतं. आण्णा गेल्यावर मी त्या केंद्राला लिहिलं. उत्तर नम्र होतं: श्रोत्यांच्या पत्रांचे कार्यक्रम जपलेले नाहीत. त्या दिवशी आण्णांनी टू-इन-वनचं, म्हणजे रेडिओ-टेपरेकॉर्डरचं, रेकॉर्डिंगचं लाल बटण दाबलं असतं तर ती चार मिनिटं आज माझ्याकडे असती. नेमकी त्या दिवशी कोरी कॅसेट घरात नव्हती.

आपल्या देशातलंच उदाहरण घ्या. १९४२ च्या ऑगस्टमध्ये उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला, ४२.३४ मीटरवर, म्हणजे शॉर्टवेव्हवरच. नोव्हेंबरात त्यांना अटक झाली. त्या अडीच महिन्यांत रेडिओवर नेमकं काय बोललं गेलं, त्यातलं पुष्कळ आज आपल्याला वाचता येतं, कारण पोलिसांची माणसं रोज ऐकून ते उतरवून घेत होती. स्वातंत्र्यलढ्याचे शब्द विरोधकाच्या वहीत टिकले. कोणीतरी ऐकत होतं आणि नोंद ठेवत होतं, एवढ्यानेच ते टिकले.

आणि समजा केंद्राने सगळंच जपलं, तरी ते स्टुडिओतून निघालेलं जपेल. आमच्याकडे पोचलेलं जपणं त्याला शक्यच नाही. लंडनच्या बुलेटिनचा आवाज कधी ओमान, कधी सिंगापूर अशा पुनःक्षेपण केंद्रांवरून आपल्याकडे यायचा. वाटेत तो विरायचा, शेजारचं केंद्र त्याच्यावर चढायचं, ऐन महत्त्वाच्या वाक्याला बुडायचा. लोकांनी ऐकलं ते असं. किती ऐकू आलं आणि किती सुटलं हा इतिहासाचाच भाग आहे, आणि त्याचा पुरावा फक्त ऐकणाऱ्याकडे असतो.

माझ्याकडे ३० सप्टेंबर १९९३ च्या संध्याकाळची एक कॅसेट आहे. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झाली होती, विसर्जन करून लोक झोपले होते आणि पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप झाला. आमचं गाव औसा तालुक्यातच. मी नववीत होतो. संध्याकाळी वीज नव्हती, घरात पाऊल टाकायला कोणी तयार नव्हतं, सगळी गल्ली अंगणात बसली होती. आण्णांनी सेलवर रेडिओ लावला, बीबीसी हिंदी धरलं आणि जुन्या भजनांच्या कॅसेटवर रेकॉर्डिंग सुरू केलं. बुलेटिन येतं, जातं, परत येतं. मध्ये कुत्री भुंकतात. आजीचा आवाज आहे: "कामून हळू लावलंय रे, आपल्याकडचंच सांगायलेत ना?" किल्लारीचं नाव येतं तेव्हा अंगणात एकदम शांतता होते, इतकी की टेपची घरघर ऐकू येते. लंडनच्या कपाटात ते बुलेटिन असेलही. ही शांतता तिथे असू शकत नाही.

"उरलेलं यूट्यूबवर आहे." यूट्यूबवर आहे ते कोणीतरी घरी रेकॉर्ड करून चढवलं म्हणून आहे. शॉर्टवेव्ह रेडिओ ऑडिओ अर्काइव्हसारखे मोकळे संग्रहही हौशी श्रोत्यांच्या रेकॉर्डिंगवरच उभे आहेत. ज्यांच्या कामावर बोट ठेवून 'सगळं आहे' म्हणता, त्यांनाच 'करू नका' कसं सांगता?

"खरखर रेकॉर्ड करतात." खरखरीला अर्थ असतो. शॉर्टवेव्ह आपल्यापर्यंत येते ती आयनांबरावरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरांवरून, परावर्तित होऊन. जमिनीपासून अडीचशे-चारशे किलोमीटरवरचा एफ थर तिला खाली वळवतो आणि एका उडीत ती तीन-चार हजार किलोमीटर जाते. कधी एकच लहर दोन वाटांनी येते, आणि त्या दोन्ही एकमेकींना छेदतात तेव्हा आवाज बुडतो, वाकडा होतो. सूर्यावर स्फोट झाला तर पृथ्वीच्या उजेडाच्या बाजूचे बँड, म्हणजे लहरींचे पट्टे, बघता बघता मुके होतात. १० आणि ११ मे २०२४ च्या सौर वादळात लडाखच्या हान्लेमध्ये ध्रुवीय प्रकाशाची लाली दिसली. त्या रात्रीचं माझं रेकॉर्डिंग ऐकलं तर रोज दणकून लागणारी केंद्रं कशी पातळ होत गेली ते मिनिटागणिक कळतं. यासाठीच तर श्रोते केंद्राला पाठवायच्या रिसेप्शन रिपोर्टात, म्हणजे कसं ऐकू आलं त्याच्या अहवालात, सिन्पोचे पाच आकडे लिहितात: सिग्नल, अडथळा, गोंगाट, लहरीची वाट आणि एकूण दर्जा. केंद्रं त्याच्या बदल्यात पोच म्हणून क्यूएसएल कार्ड पाठवायची, कारण हजारो किलोमीटरवर आपलं कसं ऐकू येतं हे त्यांना दुसऱ्या कोणाकडून कळणार नव्हतं.

"बेकायदा आहे." हा मुद्दा वाचून काहींनी घरातल्या कॅसेट टाकून दिल्या असतील, याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. एकेकाळी रेडिओ बाळगायला लायसन्स लागायचं, पोस्टात पैसे भरायचे. १९८० च्या दशकात ते रद्द झालं. हॅम रेडिओवर, म्हणजे हौशी लोकांच्या दुतर्फा रेडिओवर, बोलायचं तर आजही परवाना लागतो, पण प्रसारण ऐकायला लागत नाही. रेकॉर्डिंगचं उत्तर कॉपीराइट कायदा, १९५७ मध्ये आहे. कलम ३९ प्रमाणे स्वतःच्या खासगी वापरासाठी किंवा केवळ खऱ्या अध्यापन-संशोधनासाठी केलेलं ध्वनिमुद्रण हा प्रसारणाच्या हक्काचा भंग नाही. कलम ३७ प्रमाणे प्रसारण संस्थेचा तो हक्क पुढच्या कॅलेंडर वर्षापासून २५ वर्षं टिकतो. म्हणजे १९९३ च्या प्रसारणाचा २०१८ अखेर संपला. मात्र त्यातल्या गाण्याचा, नाटकाचा, लिखित मजकुराचा कॉपीराइट वेगळा आहे आणि बराच लांब चालतो. म्हणून घरात जपणं एक आणि जगाला वाटणं दुसरं, हा फरक मी पाळतो आणि इतरांनीही पाळावा.

"लाखाची यंत्रं लागतात." नाही. हेडफोनची पिन असलेला कुठलाही चालू शॉर्टवेव्ह रेडिओ आणि तिथून कॉम्प्युटरपर्यंत एक वायर पुरते. पुढे जायचं असेल तर काही हजारांत यूएसबीला लागणारा एसडीआर, म्हणजे कॉम्प्युटरच्या सॉफ्टवेअरवर चालणारा रेडिओ, मिळतो. त्याने एका केंद्राऐवजी बँडचा अख्खा पट्टा साठवता येतो आणि नंतर त्या साठवलेल्या पट्ट्यात काटा फिरवून, त्या वेळी न ऐकलेलं केंद्रही लावता येतं. साठवणीचं म्हणाल तर ६४ केबीपीएसच्या एमपीथ्रीत एका तासाला २९ एमबी लागतात. एक टीबीच्या डिस्कवर ३४ हजारांवर तास मावतात.

"मराठवाड्यात काही लागत नाही." आकाशाला जिल्ह्याची हद्द नसते. दिवसा सूर्यामुळे तयार होणारा खालचा डी थर कमी वारंवारितेच्या लहरी गिळतो. दिवस मावळला की तो विरतो आणि ४९ आणि ४१ मीटरचे बँड जागे होतात. हे लातूर, नांदेड, हिंगोलीत तसंच घडतं जसं दिल्लीत. लागत नाही ते घरातल्या गोंगाटामुळे: एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर, शेजारच्या सौर पॅनलचा कन्व्हर्टर. दिल्ली-मुंबईच्या श्रोत्यांना यातून सुटका नाही. आपल्याला आहे. रेडिओ घेऊन शेतात जा. विहिरीवरच्या लिंबाला वीसेक मीटर तांब्याची तार बांधा, महावितरणच्या तारांपासून लांब, आणि आभाळ गडगडायला लागलं की ती काढून ठेवा. लोडशेडिंगला सगळे वैतागतात, पण फीडर बंद झाला की रेडिओतली भणभण एकदम थांबते आणि तळातून एखादं बारीक केंद्र वर येतं. माझी सगळ्यात स्वच्छ रेकॉर्डिंग वीज गेलेल्या रात्रींची आहेत.

"ॲप घ्या." ॲप मीही वापरतो. पण फेब्रुवारी २०२४ मध्ये जालना, बीड, छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांत इंटरनेट बंद झालं तेव्हा ते तास ॲप काही बोललं नाही. आणि ॲपवरचा कार्यक्रम काढून टाकायला केंद्राला एक बटण पुरतं. माझ्या कपाटातली कॅसेट कोणाला तिथून पुसता येत नाही.

राहिला 'कचरा'. इथे मी थोडा सहमत आहे. तारीख नसलेलं, केंद्राचं नाव नसलेलं रेकॉर्डिंग खरंच कोणाच्या उपयोगाचं नाही. माझ्याच जुन्या अकरा कॅसेट अशा आहेत. आवाज स्पष्ट आहे, पण कधीचा ते सांगता येत नाही. म्हणून फाइलच्या नावातच तारीख, भारतीय वेळ, यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ), वारंवारिता, केंद्र आणि ठिकाण लिहायचं. रेडिओ कोणता आणि एरियल कोणती, हे वहीत. एक प्रत घरी, एक दुसऱ्या गावी नातेवाइकाकडे.

आणि ज्यांच्या माळ्यावर अजून जुन्या कॅसेट आहेत, विशेषतः लातूर-धाराशिवकडे, त्यांना विनंती. बुरशी आलेली कॅसेट लगेच वाजवू नका, आतली टेप तुटते. ती कोरड्या जागी ठेवा, जाणकाराला दाखवा. धडधाकट असेल तर आधी तिच्या मागच्या कडेचे दोन छोटे प्लास्टिकचे तुकडे मोडून टाका, म्हणजे चुकून लाल बटण दाबलं गेलं तरी तिच्यावर दुसरं काही चढणार नाही. मग वाजवा, आणि आत कोणाचा आवाज आहे ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून त्याच दिवशी लिहून ठेवा.