चिल्काचं तोंड बुजवा म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गेल्या पंधरा दिवसांत एकच मेसेज मला गावच्या ग्रुपवर, नातेवाइकांच्या ग्रुपवर आणि जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर मिळून पाच वेळा आला. पाचव्यांदा तो मावसभावानं पाठवला आणि खाली लिहिलं, ‘दादा, तू भूगोल शिकवतोस, खरं आहे का हे?’ त्याला फोनवर जे सांगितलं ते नीट मांडून इथे लिहितो.

मेसेज थोडक्यात असा: ओडिशातलं चिल्का सरोवर अकराशे चौरस किलोमीटरचं, जायकवाडीच्या तिप्पट. महानदीचं गोडं पाणी त्यात येतं आणि समुद्रात वाया जातं. समुद्राकडचं तोंड बुजवलं तर देशातलं सर्वांत मोठं गोड्या पाण्याचं तळं होईल, ते पाणी गोदावरीत वळवलं की मराठवाड्याचा दुष्काळ कायमचा संपेल. पण तिथे पक्ष्यांसाठी अभयारण्य करून कोळ्यांना हाकललंय. पक्षी तर जायकवाडीवरही येतात. वर तोंडातला गाळ उपसायला सरकार पुन्हा पुन्हा पैसा ओततं.

हा मेसेज पुढे पाठवणाऱ्यांवर माझा राग नाही. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. पाण्याची आशा दाखवणारं काहीही दिसलं की आपला अंगठा आपोआप ‘फॉरवर्ड’वर जातो. म्हणूनच खोटी आशा दाखवणाऱ्याला उत्तर द्यायला हवं.

आधी ‘तिप्पट’ बघू. क्षेत्रफळापुरतं ते खरं आहे. चिल्काचं पाणी पावसाळ्यात सुमारे 1,165 चौरस किलोमीटरवर पसरतं आणि उन्हाळ्यात 906 पर्यंत आक्रसतं. नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय, साधारण 350 चौरस किलोमीटरचा. पण चिल्काची खोली बहुतेक ठिकाणी दीड-दोन मीटरच्या आतच, अगदी खोल जागी चारेक मीटर. आता गणित करा. हजार चौरस किलोमीटर गुणिले दीड मीटर म्हणजे 1,500 दलघमी (दशलक्ष घनमीटर). जायकवाडीचा एकूण साठा 2,909 दलघमी, त्यातला उपयुक्त 2,171. म्हणजे तिप्पट दिसणारं चिल्का पाण्याच्या हिशेबात जायकवाडीच्या निम्म्यावर येतं. जायकवाडीलाच आपण बशीसारखं उथळ धरण म्हणतो आणि बाष्पीभवनाच्या नावानं दर उन्हाळ्यात हळहळतो. चिल्का तर निव्वळ परात आहे. काठही सपाट. पातळी वाढवायला गेलात तर पाणी भातशेतीत आणि गावांत शिरेल.

मग ते पाणी ‘गोदावरीत वळवायचं’. पैठणचं धरण, म्हणजे जायकवाडीच, भरतं तेव्हा पातळी 1522 फूट असते. हा आकडा आपल्याकडे पोरालाही पाठ असतो, पण तो समुद्रसपाटीपासून मोजलेला आहे हे लक्षात येत नाही. चिल्का समुद्राच्या पातळीवरच आहे. तिथलं पाणी पैठणला आणायचं म्हणजे शेकडो किलोमीटर उलटं, साडेचारशे मीटरहून जास्त चढवायचं. नदीजोड योजनेत महानदी-गोदावरी जोड आहे हे खरं. पण तो महानदीवरच्या मणिभद्रपासून गोदावरीवरच्या धवळेश्वरमपर्यंत आहे. धवळेश्वरम आंध्रात, राजमहेंद्रीजवळ. तिथून पुढे गोदावरीला फाटे फुटतात आणि ती समुद्राला मिळते. तो जोड उद्या पूर्ण झाला तरी परभणी-नांदेडला त्याचा एक थेंबही मिळणार नाही, कारण आपण त्याच्या कितीतरी वर आहोत.

आता मुख्य मुद्दा, तोंड बुजवण्याचा. हे करून बघायची गरजच नाही, कारण ते एकदा होऊन गेलंय.

चिल्का आणि बंगालचा उपसागर यांच्यामध्ये वाळूची एक लांब पट्टी आहे. भरती-ओहोटीचं पाणी या पट्टीतल्या तोंडातून आत-बाहेर करतं. म्हणून ते खाजण सरोवर, म्हणजे लगून, साधं तळं नव्हे. ओडिशाच्या किनाऱ्यावर लाटा वाळू ईशान्येकडे ढकलत नेतात. त्यामुळे तोंड सरकत गेलं, अरुंद झालं आणि सरोवरापासून समुद्रापर्यंतची वाट लांबून गाळानं भरत गेली. समुद्राचं पाणी आत येईना. मीठ कमी झालं. मेसेजवाल्यांना हवं तेच घडलं, चिल्का गोडं व्हायला लागलं.

आणि मग काय झालं? गोड्या पाण्यातलं गवत, जलपर्णी, नळ नावाचं उंच गवत सगळीकडे माजलं. नाव चालेना, जाळं टाकता येईना. 1985-86 च्या सुमाराला वर्षाला साधारण 8,600 टन मासळी निघायची, ती नव्वदच्या दशकाच्या अखेरीस 1,700 टनांच्या आसपास आली. पाचातला एक हिस्सा उरला. पूर आला की पाणी लवकर उतरेना, काठची शेतं तुंबून राहू लागली. रामसर करार म्हणजे पाणथळ जागा जपण्याचा आंतरराष्ट्रीय करार. त्याखाली 1981 मध्ये भारताची जी पहिली दोन पाणथळ ठिकाणं नोंदली गेली, त्यातलं एक चिल्का. 1993 मध्ये त्याचं नाव याच कराराच्या धोक्यातल्या ठिकाणांच्या यादीत, माँत्रो नोंदीत गेलं.

बरीच वर्षं अभ्यास झाला. त्यात पुण्याजवळच्या खडकवासल्याचं केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रही होतं. 23 सप्टेंबर 2000 रोजी सिपाकुडाजवळ वाळूची पट्टी कापून नवं तोंड उघडलं आणि समुद्रापर्यंतची वाट 18 किलोमीटरनं कमी झाली. भरतीचं पाणी पुन्हा आत आलं. गवत मागे हटलं. 2001-02 मध्ये मासळी 12,000 टनांच्या घरात पोचली. 2002 मध्ये चिल्काचं नाव माँत्रो नोंदीतून काढलं गेलं, आशियात असं पहिल्यांदाच झालं. हे मी वर्गात दरवर्षी शिकवतो आणि दरवर्षी एखादा मुलगा विचारतो, ‘सर, खारं पाणी आत घेतल्यावर मासे वाढले?’ हो, वाढले. आपल्याला बोअरचं पाणी मचूळ लागलं की जीव नकोसा होतो. चिल्कातल्या जिवांना मात्र मचूळच, म्हणजे निमखारंच, पाणी लागतं.

त्याचं कारण असं. बोय मासा आणि कोळंबी अंडी घालतात समुद्रात. त्यांची पिल्लं तोंडातून चिल्कात येतात, उथळ, मचूळ, खाण्यानं भरलेल्या पाण्यात मोठी होतात आणि पुन्हा समुद्रात जातात. तोंड बुजलं की पाळणाघराचं दार बंद. इरावदी डॉल्फिन, दीडशेच्या आसपास, याच पाण्यात राहतात. उत्तरेकडे दया, भार्गवी या महानदीच्या फाट्यांचं पाणी येतं म्हणून तो भाग गोडसर, तोंडाजवळचा खारट. पावसाळ्यात सगळीकडे गोडवा चढतो, उन्हाळ्यात उतरतो. जागेप्रमाणे आणि ऋतूप्रमाणे पाण्याची चव बदलते, म्हणून इतक्या तऱ्हेचे जीव तिथे मावतात. सातपाड्याहून होडीनं जाताना मी ठिकठिकाणी बोट बुडवून जिभेला लावून पाहिलं होतं. तासाभरात चव बदलली. पुस्तकातलं वाक्य मला त्या दिवशी खरं कळलं.

‘कोळ्यांना हाकललं’ हे तर उघड खोटं आहे. वन्यजीव कायद्याखाली 1987 मध्ये अभयारण्य झालं ते फक्त नळबन बेटाचं, 15.53 चौरस किलोमीटरचं. सगळ्या सरोवराच्या दीड टक्क्याइतकंही नाही. बाकी चिल्कावर आजही मासेमारी चालते, सुमारे दोन लाख माणसांचं पोट त्यावर आहे. कोळ्यांना खरा त्रास झाला तो कोळंबीच्या घेरींचा. बाहेरच्या पैशानं पाण्यात बांध आणि जाळ्या उभ्या राहिल्या, पिढ्यान्‌पिढ्यांच्या मासेमारीच्या जागा गेल्या. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं चिल्का आणि पुलिकत सरोवरांपासून हजार मीटरच्या आत अशी कोळंबीशेती करायला मनाई केली. तरी घेरी हटल्या नाहीत. 1999 मध्ये सोरना गावात या संघर्षात पोलिसांच्या गोळीबारात चौघांचा जीव गेला. त्या माणसांचं नाव घेऊन अभयारण्याला झोडपणं मला सहन होत नाही. आणि उत्तर काठावरचं मंगलाजोडी बघा. तिथले पक्ष्यांचे शिकारीच पुढे राखणदार झाले, आज पाहुण्यांना नावेतून पक्षी दाखवून कमावतात.

पक्षी जायकवाडीवरही येतात, अगदी बरोबर. तेही 1986 पासूनचं अभयारण्य आहे, रोहित आणि पट्टकादंब मी तिथेच पहिल्यांदा पाहिले. पण म्हणून चिल्का नको, हे कसं? हिवाळ्यात चिल्कावर दहा लाखांच्या आसपास पक्षी उतरतात. नळबन पावसाळ्यात पाण्याखाली जातं, पाणी ओसरलं की त्याचा चिखल उघडा पडतो आणि पक्षी त्यावर चरतात. नाथसागराचं पाणी मागे सरकलं की आपले लोक गाळपेर करतात, म्हणजे उघड्या पडलेल्या गाळात पीक घेतात, त्याच ओल्या काठाला पक्षीही लागलेले असतात. धरण डिसेंबरात तुडुंब असलं की तो काठ उघडाच पडत नाही. त्या वर्षी या पक्ष्यांना दुसरीकडे जागा हवीच.

राहिलं ‘वाया’. माझं गाव परभणी जिल्ह्यात, जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या टेलला, म्हणजे अगदी शेवटच्या टोकाला. 208 किलोमीटरचा कालवा, त्यामुळे आवर्तन सुटलं तरी पाणी आमच्यापर्यंत येईल याची खात्री नसते. वडील रात्री कंदील घेऊन चारीवर बसायचे. वरचे म्हणायचे, टेलला सोडलेलं पाणी झिरपून वायाच जातं, इथेच भिजवू द्या. आपण सगळ्या मराठवाड्यानं नाशिक-नगरकरांकडून हेच ऐकलंय. खाली सोडलेलं पाणी वाया जातं म्हणे. त्याविरुद्ध आपण भांडलो, न्यायालयात गेलो. 15 ऑक्टोबरला जायकवाडी 65 टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं, हे समन्यायी वाटप त्यातूनच पदरात पडलं. आता आपणच चिल्काकडे बोट दाखवून ‘वाया’ म्हणायचं? चिल्का महानदीचं टेल आहे. तिथल्या नराजला बराज, म्हणजे दारांचा बंधारा, बांधलं तेव्हा चिल्काला कधी आणि किती पाणी लागतं याचा अभ्यास करावा लागला, कारण टेललाही हक्क असतो.

आपल्या गोदावरीचंही टेल आहे. मुखाशी कोरिंगाचं कांदळवन आहे, ते नदीच्या गोड्या पाण्यावर आणि गाळावर उभं आहे. पावसाळ्यात पुराचं पाणी समुद्रात शिरलं की पुलसा मासा, म्हणजे हिलसा, नदीत वर चढतो. आंध्रातली माणसं त्याच्यासाठी वर्षभर वाट पाहतात. पैठणची दारं उघडतात तेव्हा आपण पुलावर उभं राहून ‘चाललं समुद्रात’ म्हणतो. मीही म्हणायचो.

मेसेजमधली एक गोष्ट मात्र खरी आहे, गाळावर पुन्हा पुन्हा खर्च होतो. नद्या चिल्कात गाळ आणतात, समुद्र तोंडाशी वाळू लोटतो, 2019 चं फणी वादळ आलं तेव्हा पट्टीत नवी तोंडं फुटली. एकदा खोदलं आणि काम संपलं, असं तिथे कधी होत नाही. म्हणून तिथे वरच्या पाणलोटात झाडं लावणं, माती अडवणं हेही काम चालतं. माती वरच अडली तर खाली कमी उपसावी लागते. नाथसागरातही गाळ साचतोय, उन्हाळ्यात ट्रॅक्टर लावून तो शेतात नेणारे आपल्यात कितीतरी आहेत. मावसभाऊ त्यातलाच. त्याच्या शेतातली तीन एकर या गाळावरच उभी आहे, म्हणून हा मुद्दा त्याला समजवावा लागला नाही.