‘लेमन लॉ नाही’ हे खरं, ‘काही करता येत नाही’ हे खोटं

नाशिकच्या गाडीवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं: अमेरिकेत लेमन लॉ आहे, आपल्याकडे नाही, म्हणून नवी गाडी खराब निघाली तर नशिबाला बोल लावायचा. वॉरंटी संपली असेल तर रिकॉलचा, म्हणजे दोष काढायला कंपनीने गाड्या परत बोलावण्याचा, खर्च आपलाच. रिकॉलचं पत्र आलं की गाजावाजा न करता गाडी विकून टाकायची. आणि ग्राहक कोर्ट म्हणजे वकिलाची फी आणि मुंबईच्या खेपा. हे वाचून कोणी ब्रेकचं काम पुढे ढकललं तर काय, या काळजीने लिहितोय.

लेमन लॉ नाही, हे खरं. अमेरिकेत कनेटिकट राज्याने १९८२ साली तो आणला. ठरावीक वेळा दुरुस्ती करूनही दोष राहिला तर गाडी बदलून द्यायची किंवा पैसे परत करायचे. आपल्या कायद्यात असा खेपांचा आकडा नाही. पण ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ चं कलम ३९ उघडून बघा. दोष काढून द्या, नवीन वस्तू द्या, किंमत परत करा, नुकसानभरपाई द्या, यातला कोणताही आदेश ग्राहक आयोग, म्हणजे आपलं ग्राहक कोर्ट, देऊ शकतो. गाडी सहज बदलून मिळते असं मात्र मी म्हणणार नाही. २००६ मध्ये मारुती उद्योगच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गाडी बदलून देण्याचा आदेश रद्द करून सदोष भाग बदलून द्यायला सांगितलं होतं. दोष मुळातच आहे हे दाखवावं लागतं, आणि तिथेच बहुतेक जण अडकतात, कारण हातात कागद नसतो.

आमच्या दाजींचंच सांगतो. गाडी दोन महिन्यांची. कसारा घाट उतरताना ब्रेकचं पेडल हळूहळू खाली जायचं. वर्कशॉपच्या चार खेपा झाल्या. पहिल्या तिन्ही जॉब कार्डांवर, म्हणजे तक्रार आणि काम नोंदवायच्या वर्कशॉपच्या कागदांवर, काय लिहिलेलं? ‘जनरल चेकअप’. पेडलचा उल्लेखच नाही! चौथ्या वेळी ताईने पेन खाली ठेवलं. म्हणाली, “घाटात पेडल खाली जातं, असं आमच्या शब्दांत लिहा, मग सही करते.” लिहिलं, आणि त्या खेपेला मास्टर सिलिंडर बदलला गेला. सही करण्याआधी जॉब कार्ड वाचा, त्याची प्रत घ्या, गाडी किती दिवस वर्कशॉपला होती ते लिहून ठेवा.

आता रिकॉल. त्याचा वॉरंटीशी संबंध नाही, काम फुकट होतं. २०१२ पासून कंपन्या स्वेच्छेने रिकॉल करत होत्या. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम ११०अ आलं, १ एप्रिल २०२१ पासून नियम लागू झाले, आणि सात वर्षांच्या आतल्या गाड्यांसाठी सरकार आता रिकॉलची सक्तीही करू शकतं. दंड एक कोटीपर्यंत.

‘विकून टाका’ हा सल्ला तर मला सहनच होत नाही. जानेवारी २०२३ मध्ये मारुती सुझुकीने एअरबॅग कंट्रोलरसाठी १७,३६२ गाड्या परत बोलावल्या, तेव्हा भाग बदलेपर्यंत गाडी चालवू नका असं सांगितलं होतं. अशी गाडी न सांगता विकली तर एअरबॅग उघडायची वेळ येईल तेव्हा आत दुसऱ्याची पोरं बसलेली असतील. सेकंडहँड घेणाऱ्यांनीही आरसी बुकावरचा चासी नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकून बघावा, दोन मिनिटांचं काम आहे.

मुंबईच्या खेपांचं म्हणाल तर तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे आपल्यासाठी नाशिकचा जिल्हा आयोग. ५० लाखांपर्यंतची खरेदी तिथे चालते. १० ते २० लाखांच्या गाडीला फी ४०० रुपये, वकील सक्तीचा नाही. आधी ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर फोन करून बघा. मात्र तक्रारीची मुदत दोन वर्षांचीच आहे, तेव्हा ‘पुढच्या सर्व्हिसिंगला बघू’ असं कोणी म्हणालं तरी तारीख मोजत राहा.