स्किप कसं करायचं?

आज डोकं फिरलंय म्हणून लिहितोय. मोठं होईल. वेळ नसेल त्यांनी अंगठ्यानं पुढं सरकावं, तशीही ती सवय आपल्याला आहेच.

झालं असं की अम्माचा जुना ट्रान्झिस्टर नव्या पेठेतल्या एका म्हाताऱ्या मेकॅनिककडून दुरुस्त करून आणला. तीन आठवडे लावले त्यानं. घरी आणून लावला तर नुसती घरघर. फोन केला तर तो म्हणतो, "घरातले मोबाईलचे चार्जर काढा हो, मिडियम वेव्हला त्याचाच आवाज येतोय." काढले. पाच चार्जर निघाले, माणसं चार! घरघर खरंच कमी झाली आणि मागून कुठलं तरी पुसट कन्नड स्टेशन ऐकू यायला लागलं. तेवढ्यात पोरगी आली. चार्जर काढला म्हणून आधीच वैतागलेली. दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाली, "बाबा, ह्याच्यात स्किप कसं करायचं?"

ती चुकीचं काही बोलली नाही. तरी मला संताप आला तो आलाच. अजून उतरलेला नाही.

अरे, स्किप करायचंच नसायचं बे! दुसऱ्याचा कार्यक्रम चालू असेल तर ऐकायचा, नाहीतर गप बसायचं. आपला नंबर येईपर्यंत थांबायचं. नळावर थांबायचो तसं.

माझ्या पिढीच्या सोलापूरकरांना सांगायला नको. आमचं घर अशोक चौकाच्या बाजूला. वडील मागावर. मागाच्या खडखडाटात रेडिओ काय, शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. त्यामुळे रेडिओ खरा होता तो अंगणातल्या बायकांचा. अम्मा आणि शेजारच्या चार-पाच जणी विड्या वळायला बसायच्या. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, ओल्या गोणपाटात पानं. पत्र्याचं माप पानावर ठेवून कात्री फिरवायची, चिमूट भरायची, वळायची, दोरा मारायचा, टोक मुडपायचं. डोळे कुठंही असले तरी बोटं चालू. आणि मधल्या पाटावर हा ट्रान्झिस्टर. सेल उतरले की पत्र्यावर उन्हात ठेवायचे, सोलापूरच्या उन्हात मेलेले सेलसुद्धा दोन दिवस उठून बसायचे. रेडिओला लायसन असायचं हे पोरांना सांगितलं तर हसतात. पोस्टात पैसे भरून वहीवर शिक्का मारून आणायचा दरवर्षी.

पहाटे आधी आकाशवाणीची ती धून. तंबोऱ्यावर व्हायोलिन. नाझींच्या भीतीनं युरोप सोडून मुंबईत आलेल्या वॉल्टर कॉफमननं ती बांधली असं मला फार उशिरा कळलं. म्हणजे ज्या सुरावर आमची अख्खी गल्ली चूल पेटवायची तो एका निर्वासित ज्यूचा. मग वंदे मातरम्. सहा पंचावन्नला संस्कृत बातम्या, 1974 पासूनच्या. "इयम् आकाशवाणी, सम्प्रति वार्ताः श्रूयन्ताम्, प्रवाचकः बलदेवानन्दसागरः." घरात तेलुगू बोलणारी, शाळेत मराठी शिकणारी आम्ही पोरं तोंडात राखुंडी घेऊन हे घडाघडा म्हणायचो. अर्थ? काय की. मग सात पाचला पुण्याहून सुधा नरवणे, प्रादेशिक बातम्या. साडेआठला दिल्लीहून मराठी बातम्या. दुपारी बायकांचा कार्यक्रम, संध्याकाळी शेतकऱ्यांचा, कामगारांचा, पोरांचा, तरुणांचा. विविध भारतीवर फौजी भाईंसाठी जयमाला. धीम्या गतीच्या बातम्या तर इतक्या सावकाश की माणसानं लिहून घ्याव्यात, आणि लिहून घेणारे होतेही. शनिवारी रात्री साडेनऊला संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम, 1952 पासून चालू असलेला. अम्माला रागातलं शष्प कळत नव्हतं. पण विड्यांचे कट्टे बांधायचे राहिलेले असायचे, दुसरं काही लागत नव्हतं, मग कुणीतरी बुवा दीड तास आळवत बसायचे आणि ही कट्टे बांधत बसायची. एकदा म्हणाली, "हा माणूस एकाच शब्दाला किती वेळ धुतोय." पण बंद केला नाही.

आता मुद्द्यावर येतो. लग्न होऊन आली तेव्हा अम्माला मराठी येत नव्हतं. शाळेत गेलीच नाही. मराठी तिला ना सासरनं शिकवलं ना विडी कारखान्यानं, शिकवलं ते रेडिओनं, आणि त्यामुळे तिचं मराठी आमच्या सगळ्यांपेक्षा शुद्ध. आम्ही "काय करलालास" म्हणणारे, आणि ही लक्ष्मी मंडईत कांदेवाल्याला विचारायची, "आज आवक घटली आहे काय?" तो बघतच राहायचा. पापड वाळत घालताना आभाळाकडं बघून "हवामान कोरडे राहील" म्हणायची. बातम्या चालू असताना आम्ही दंगा केला की तेलुगूत एकच शब्द, "ऊरुको!" म्हणजे गप. तिच्याकडं ना शेत होतं ना बैल. पण सोयाबीनवर कुठली कीड पडते ते तिला माहीत होतं, कारण शेतकऱ्यांचा अर्धा तास संपल्याशिवाय गाणी लागत नव्हती.

स्किप असतं तर तिनं तो अर्धा तास उडवला असता. मीही उडवला असता. आणि आज ती बँकेत, दवाखान्यात, रेशनच्या दुकानात मान वर करून बोलते ती बोलली नसती. आता काय तर प्रत्येकाच्या कानात त्याच्या त्याच्या आवडीचं. काल जे आवडलं तेच आज, तेच उद्या. फोन म्हणतो "खास तुमच्यासाठी". कशाला माझ्यासाठी? मी काय एवढा मोठा लागून गेलो?

हो, माहितीये काय म्हणणार ते. सरकारी भोंगा होता. होता. इंदिराजी गेल्याची बातमी बीबीसीनं दुपारीच सांगितली आणि आपल्या आकाशवाणीनं संध्याकाळी, हे विसरलेलो नाही. नभोवाणी मंत्री केसकरांनी सिनेमाची गाणी बंद केली तेव्हा लोक रेडिओ सिलोनला पळाले आणि मग 1957 ला विविध भारती काढावी लागली, तेही खरं. आणि काही भाषणं इतकी रटाळ की बैलही झोपेल. बरं, मान्य. पुढं.

ते पत्र सांगायचं राहिलंच.

1983 असेल. मी नववीत. अम्मा म्हणाली, "'आपली आवड'ला माझं पण नाव पाठव." फर्माइशीच्या गाण्यांचा कार्यक्रम तो. पंधरा पैशांचं कार्ड आणलं, मी लिहिलं, सांगली केंद्राला पाठवलं. मग रोज ऐकायची. महिना गेला, दीड गेला. आणि ज्या दिवशी लागलं त्या दिवशी अम्मा विड्या द्यायला कारखान्यात. तपासणाऱ्यानं त्या दिवशी छाट, म्हणजे नापास विड्या, जास्त काढली, भांडाभांडी झाली, रांग पुढं सरकेना. इकडं निवेदिकेनं "सोलापूरहून" म्हटलं आणि अंगण उठून उभं राहिलं. शेजारची मावशी सूप टाकून ओरडत रस्त्यापर्यंत गेली. अम्मा आली दिवे लागल्यावर, रिकामी पिशवी आणि रडवेला चेहरा. आम्ही सांगितलं. ती उंबऱ्यातच बसली. पुन्हा लाव म्हणाली. पुन्हा कसं लावणार? गेलं ते गेलं.

आता तुम्ही म्हणाल, बघ, रेकॉर्ड असतं तर ऐकलं असतं ना बिचारीनं. असतं तर ऐकलं असतं. ह्यावर माझ्याकडं उत्तर नाही.

आणि एक गोष्ट मी चाळीस वर्षं कुणाला सांगितली नव्हती. लिहिता लिहिता राग कुठं गेला कळलं नाही, म्हणून आता सांगतो. त्या कार्डावर गाणं मी माझ्या आवडीचं लिहिलं होतं. अम्मानं दुसरंच सांगितलं होतं, एक संथ भावगीत. मला ते कंटाळवाणं वाटलं. तिला वाचता येत नव्हतं. मी उडवलं ते.

आत्ता पोस्ट अर्धी टाकून तिच्या खोलीत जाऊन आलो. ऐंशीच्या पुढं आहे ती. अंगठ्याचं नख अजून विडीच्या टोकासारखं मुडपलेलं. रेडिओ उशाशी घेतला होता, नुसती घरघर चालू होती. सांगून टाकलं सगळं. कुठलं गाणं सांगितलं होतंस, विचारलं. तिला आठवेना. मला तर त्याहून नाही.

म्हणाली, "गाणं राहू दे रे. माझं नाव कसं वाचलं बाईनं, ते सांग."

आमचं आडनाव तेलुगू. त्या निवेदिकेनं त्याचे दोन तुकडे केले होते, मध्ये श्वास घेऊन. अंगणातल्या बायका तेव्हा त्यावर पोट धरून हसल्या होत्या. मी रेडिओ बंद केला, घसा साफ केला आणि तस्सं वाचून दाखवलं, "सोलापूरहून" पासून.

म्हणाली, परत वाच.